कारिनचा ठिपका

८ नोव्हेंबर
ढगाळ. पारा गोठणबिंदूच्या जरा खाली. वारा वायव्येचा. रस्ते कोरडे.

बर्फ हटवायची गाडी सोडून इतकी वर्षं झाली, तरी वहीत पहिली ओळ हवामानाचीच येते. काउंटीच्या रस्ते खात्यात रोज लिहावी लागायची. एल्मा म्हणायची, रेइनो, तू गेलास की तुझ्या दगडावर तारखेखाली वाऱ्याची दिशाही कोरून घेईन. पण ती आधी गेली. तिच्या दगडावर नुसत्या तारखा आहेत.

आज फोन कंपनीकडून निरोप आला. माझा घडीचा फोन वर्षअखेरीस बंद पडणार. फोन बिघडलेला नाही, तो ज्या जाळ्यावर चालतो ते जाळंच काढून टाकणार आहेत. तारेचा फोन एल्मा गेल्यावर मीच काढला, कारण दर वेळी कोणी तरी तिलाच विचारायचं. म्हणजे आता नवा घेणं आलं. काचेचा.

काही बिघडलेलं नसताना वस्तू बदलायची हे मला कधी पटलेलं नाही.

१० नोव्हेंबर
स्वच्छ ऊन. रात्री पाणी गोठलं.

कारिनचा फोन, सेंट पॉलहून. हल्ली ती गाडीतूनच बोलते. म्हटलं, "गाडी चालवताना बोलू नकोस."

"चालवत नाहीये बाबा. तळ्यापाशी उभी केलीय."

"घरात बसून बोलायला काय होतं? उगाच पेट्रोल जाळायचं."

"इथे शांत वाटतं," म्हणाली.

फोनचं सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, आता चांगला स्मार्टफोन घ्या. म्हटलं, मला तीन कामं आहेत: तुझ्याशी बोलणं, हवामान आणि कुठला रस्ता बंद आहे ते बघणं. त्याला स्मार्ट कशाला? हसली थोडी. मग म्हणाली, डाव्या हाताने फोन धरलाय म्हणून आवाज नीट येत नसेल, उजवा मनगटात दुखावलाय. दारातल्या पायरीवर बर्फ होतं, घसरले.

सेंट पॉलला आठवडाभर चांगलं ऊबदार असल्याचं टीव्हीवर दाखवत होते. पण टीव्हीवाल्यांना लोकांच्या पायऱ्या कुठे दिसतात. सावलीतल्या पायरीवर बर्फ राहू शकतं. जावयाचं काम ते. ब्रेंटला सांग पायरीवर मीठ टाकायला, बर्फ वितळतं, असं म्हणालो. ती म्हणाली, सांगते.

१४ नोव्हेंबर
बारीक बर्फ, जमिनीवर टिकलं नाही.

शेजारची साइमी निसू घेऊन आली. तिच्या हातच्या या पावात वेलची नेहमीच जास्त पडते, पण मी बोलत नाही. तिच्याकडे दोन वर्षांपासून काचेचा फोन आहे. टेबलावर ठेवून मला शिकवायला बसली.

"हे दाब."

दाबलं. काही झालं नाही.

"हळू. तू काय बोल्ट घट्ट करतोयस का?"

हळू दाबलं. तरी नाही. तिने माझं बोट उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "रेइनो, ही कातडी नाही, हा टायर आहे. काचेला वाटतंय लाकूड लागलं."

चाळीस वर्षं हातमोज्यातून गिअर ओढला, आणि आता माझं बोट माणसाचं आहे हे काचेला पटवून द्यायचं.

साइमी त्यावर पत्ते खेळते आणि फ्लोरिडातल्या बहिणीचं तोंड बघते. बहिणीचं तोंड बघून ती खूश होते असं काही दिसलं नाही.

१७ नोव्हेंबर
ढगाळ. रस्ते ओले. होटनला जाऊन आलो.

फोनच्या दुकानातली डोरीन बरी बाई आहे. आधी ती हार्डवेअरच्या दुकानात होती, तिथून मी खिळे घ्यायचो. तिने तीन फोन पुढे ठेवले. एक मोठा, सगळे घेतात तो. एक मधला. आणि एक म्हाताऱ्यांचा, मोठाल्या अक्षरांचा, मागे लाल बटण. ते दाबलं की कोणी तरी विचारतं, तुम्ही पडला आहात का.

"आणि नसलो पडलो तर?"

"तर सांगायचं, नाही पडलो."

"मग मी ते इथेच सांगतो," म्हटलं.

ती हसली. मग विचारलं, "कशाला वापरणार?" सांगितलं. ती म्हणाली, एवढंच असेल तर मोठा घेऊ नका. तुम्ही त्याचे पैसे भराल आणि मजा तुमचा जावई करेल. विकणाऱ्या बाईने असं बोलावं याचं बरं वाटलं.

पण तेवढ्यात कारिनचा फोन आला. मी दुकानात आहे हे तिला माहीत होतं. म्हणाली, "बाबा, तिला विचारा, त्यात माणूस नकाशावर कुठे आहे ते दाखवता येतं का." डोरीन म्हणाली, सगळ्यात येतं. मला काय ते कळलं. म्हणजे मी दुकानात गेलो, चर्चला गेलो, मासे धरायला बर्फावर गेलो, सगळं हिला तिकडे घरबसल्या दिसणार. म्हाताऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घंटा बांधतात तशी.

काही न घेता परत आलो.

१८ नोव्हेंबर
तसंच.

कारिनशी वाजलं. असं आमचं फारसं होत नाही.

"मी काउंटीचा प्रत्येक रस्ता ओळखतो. मी हरवणार नाही," म्हटलं.

"तुम्ही हरवाल असं कोण म्हणतंय?"

"मग नजर कशाला?"

"ते दोन्हीकडून असतं बाबा. मी कुठे आहे ते तुम्हालाही दिसेल."

"तू कुठे असणार? घरी असशील."

मग म्हणाली, "माझ्यासाठी करा ना. मागते का मी कधी काही?"

हे खरं आहे. लहानपणीसुद्धा मागायची नाही. सायकलसुद्धा एल्माने मला सांगितलं म्हणून कळलं.

२१ नोव्हेंबर
पहिलं खरं बर्फ. घोट्याएवढं. खात्याची गाडी आमच्या रस्त्याला उशिरा आली आणि वळणावर ढीग सोडून गेली. माझ्या वेळी असं नव्हतं.

मधला फोन घेतला. निवड बोटाने केली. डोरीनने तिन्ही पुढे ठेवले आणि मला प्रत्येकावर बोट फिरवायला लावलं. मोठ्या फोनने ओळखलं नाही. लाल बटणवाल्याने कधी ओळखलं, कधी नाही. मधल्याने पहिल्याच वेळी ओळखलं. पहिल्याच स्पर्शाला हो म्हणणारी अशी जोडीदारीण मिळाली असती तर लोकांनी काय काय म्हटलं असतं, असं डोरीन म्हणाली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं म्हणून बोलली.

तीन कामं आहेत, तीन चित्रं तिने पुढे ओढून ठेवली. बाकीची मागे ढकलली. मी म्हटलं, मागे ढकललेल्याला हात लागला तर? म्हणाली, काही बिघडत नाही, घरी जायचं बटण खाली आहे, ते दाबलं की माणूस परत घरी.

२४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
दिवसभर बर्फ. वारा उत्तरेचा, सरोवरावरून.

कारिन आणि ब्रेंट येणार होते. आले नाहीत. सकाळी ब्रेंटचाच फोन आला, कारिनला सर्दी आहे, प्रवास नको म्हणतो. चांगला मुलगा आहे. दर रविवारी न चुकता विचारपूस करतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या छपराचे दोन पत्रे त्यानेच बदलले, मला वर चढू दिलं नाही. कारिनचं आणि तिच्या कुत्र्याचं, पेनीचं, सगळं तोच बघतो. तिची दाताच्या डॉक्टरकडची नोकरीसुद्धा त्याने सोडायला लावली, म्हणाला, एवढं दमायचं कशाला. असा जावई सगळ्यांना मिळत नाही, असं मी साइमीला म्हणालो. ती मांस-बटाटा भरलेल्या पास्टीचं कणकीचं आवरण मोडत होती. वर न बघता म्हणाली, "कारिनशी बोललास?"

बोललो होतो. ब्रेंटने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. ती मागून म्हणाली, "सगळं छान आहे बाबा. तुम्ही जेवा नीट." सर्दीचा आवाज नव्हता. पण दुरून आवाज नीट कळत नाही.

साइमी आणि मी सणाच्या टर्कीऐवजी पास्टी खाल्ली. दोघांसाठी टर्की कापायची म्हणजे कंटाळा.

२९ नोव्हेंबर
कडक थंडी. आकाश स्वच्छ.

कारिन तळ्यापाशी होती. म्हणाली, बाबा, मी एक दुसरा नंबर घेतलाय, तुमच्याशी बोलायला. यापुढे यावरच बोलू. फोन गाडीतच ठेवते. आणि ब्रेंटला सांगू नका.

"का?"

म्हणाली, "तुमच्या वाढदिवसाची एक गंमत आहे. त्याला कळलं तर तो बोलून टाकेल."

माझा वाढदिवस मार्चमध्ये आहे. या मुलीला लहानपणापासून लवकर तयारीला लागायची सवय आहे.

मग तिने मला एकेक सांगत नकाशा उघडायला लावला. इथे दाबा, आता हे, आता हो म्हणा. एकदम एक निळा ठिपका आला. मी. माझं घर, माझा रस्ता, मागे तलाव. मग नकाशा बारीक झाला, सगळं सरोवर आलं, आणि खाली पश्चिमेला दुसरा ठिपका. त्याच्याखाली तिचं नाव.

"दिसतेय का मी?"

"दिसतेस."

"बरं," म्हणाली. दोनदा म्हणाली.

३ डिसेंबर
बर्फ. ढीग खिडकीच्या कडेला आला.

मी म्हणालो होतो की मला ते नको. पण आता सकाळी कॉफी ठेवली की बघतो. घरी असते. मग दुपारच्या सुमाराला ठिपका निघतो आणि तळ्यापाशी जाऊन बसतो. बराच वेळ. मग परत. मोकळ्या हवेत जाते हे चांगलंच आहे, एल्मालाही पाण्याकाठी बसायला आवडायचं. पण या थंडीत गाडीत बसून काय बघत असेल? तळं तर गोठलं असणार.

९ डिसेंबर
धुकं.

आज ठिपका तळ्यावर गेला नाही. सकाळपासून एका जागी होता. मोठं करून पाहिलं तर ती इस्पितळाची इमारत निघाली. मी तीनदा फोन केला. संध्याकाळी उचलला. म्हणाली, जुन्या कामावरच्या मैत्रिणीला भेटायला गेले होते, तिचं ऑपरेशन झालंय.

"सकाळपासून?"

"एकटीच असते ती."

कारिन अशीच आहे. दुसऱ्याचं दुखणं म्हटलं की दिवस घालवेल. शब्द थोडे जड येत होते, जबडा आखडल्यासारखे. म्हटलं, तुझे दात तर दुखत नाहीत? म्हणाली, हो, तेच, दाढ. मी म्हटलं, इतकी वर्षं दाताच्या डॉक्टरकडे काम केलंस, त्याच्याकडेच जा. हो म्हणाली.

१४ डिसेंबर
वारा थांबला. साइमीच्या दारातलं बर्फ काढून दिलं.

मी तिला सगळं सांगितलं, ठिपक्याचं, तळ्याचं, इस्पितळाचं. गप्पा म्हणून सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. मग तिने कॉफीचा कप ठेवला.

"रेइनो, तुला खरंच कळत नाहीये, की कळून घ्यायचं नाहीये?"

"काय?"

"बायको गाडीत दुसरा फोन लपवते. हात मुरगळतो. जबडा आखडतो. आता मी आणखी किती सांगू?"

मला राग आला. ब्रेंटने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. माझ्या घरात तो ताट स्वतः विसळतो. म्हटलं, तू टीव्हीवरच्या मालिका फार बघतेस. ती म्हणाली, "मी मालिका बघत नाही. मी लग्न केलं होतं." आणि आत निघून गेली. तिचा नवरा मी ओळखायचो. आमच्याबरोबर गाडीवर होता. शांत माणूस.

फावडं तिच्याच दारात विसरून आलो.

१९ डिसेंबर
सकाळी स्वच्छ. शून्याच्या आसपास. सगळे रस्ते मोकळे, मी बघितले.

कारिन येतेय. कोणाला न सांगता. सकाळी कॉफी ठेवून फोन उघडला, तर तिचा ठिपका तळं सोडून पूर्वेला निघालेला. आधी वाटलं, कुठे कामाला. पण तो विस्कॉन्सिनच्या हद्दीत शिरला आणि सरळ येत राहिला. हा रस्ता मला पाठ आहे. हेवर्ड, मग अ‍ॅशलंड, मग आयर्नवूड, मग इकडे वर. अंधार पडायच्या आत पोचेल.

नाताळची गंमत असणार. म्हणून मीही फोन केला नाही. एल्माच्या शिवणाच्या खोलीतला पलंग मोकळा केला. अंगणातली वाफेची खोली, सौना, पेटवली. फ्रीझरमधून मासे काढले. दुकानात जाऊन दूध, बटाटे, तिला आवडते ती लिंगनबेरीच्या मुरांब्याची बरणी आणली. दर थोड्या वेळाने बघत होतो. हेवर्डला पेट्रोल पंपावर थांबली.

त्याच दिवशी, नंतर
अजून तिथेच आहे. गाडी बिघडली असेल तर मी निघतो. फोन केला, उचलत नाही.

त्याच दिवशी, नंतर
ठिपका हलला. पण उलटा. पश्चिमेला. मला वाटलं, फोन चुकतोय, म्हणून बंद करून परत चालू केला. चुकत नव्हता. माझी पोरगी अर्ध्या वाटेत आली आणि वळून परत गेली.

रस्ते मोकळे आहेत. मी परत परत बघितलं. कुठेही अडथळा नाही.

सौना विझू दिली.

२० डिसेंबर
ढगाळ.

सकाळी त्या दुसऱ्या नंबरवर फोन लावला. उचलला, पण ब्रेंटने.

"रेइनो," तो म्हणाला, नेहमीसारखा, शांत. "हा फोन तुम्ही घेऊन दिलात का तिला?"

मी गडबडलो. म्हटलं, नाही, तिनेच घेतला, माझ्या वाढदिवसाची काही गंमत होती म्हणून तुला सांगायचं नव्हतं.

"असं होय," म्हणाला. "गंमत."

"कारिन कुठे आहे?"

"झोपलीय. दमलीय. काल उगाच खूप गाडी चालवली. उठली की फोन करेल."

मी नाताळच्या शुभेच्छा दिल्या. त्यानेही दिल्या. फोन ठेवल्यावर बघितलं तर नकाशावर फक्त माझा ठिपका होता.

कॉफी तशीच ओतून टाकली. शेवटी असं वाटलं की माझ्या तोंडून काही तरी निसटलंय, आणि ते परत आत घेता येत नाही.

२१ डिसेंबर
पश्चिमेकडून वादळ येतंय. दुपारपासून आयर्नवूडच्या पुढे रस्ता वाईट होणार.

कारिनचा फोन आला नाही. घरच्या नंबरवर घंटा वाजत राहते. साइमीकडे गेलो. दारात उभा राहून नुसतं म्हटलं, "तू म्हणालीस ते." तिने काही विचारलं नाही. आत जाऊन तिच्या नवऱ्याचा जाड कोट आणला, गाडीत ठेवायला म्हणून, आणि थर्मास भरून दिला. म्हणाली, पोलिसांना सांगायचं का? म्हटलं, काय सांगू, ठिपका दिसत नाही म्हणून?

वादळाच्या आधी निघतो.

२४ डिसेंबर
रात्रभर बर्फ पडलं. आता थांबलंय. पारा शून्याखाली.

कारिन इथे आहे. शिवणाच्या खोलीत झोपलीय. झालं ते लिहितो.

वादळाने अ‍ॅशलंडला गाठलं. हळू गेलो. अशा हवेत मी आयुष्यभर गाडी चालवली आहे, पण तेव्हा पुढे फाळ असायचा. सेंट पॉलला पोचलो तेव्हा दिवस उजाडला होता. त्यांच्या पायऱ्यांवर मीठ टाकलेलं होतं, नीट, कडेपर्यंत.

ब्रेंटने दार उघडलं. आश्चर्य वाटल्यासारखं केलं. म्हणाला, "एवढ्या वादळात? कळवायचं तरी." म्हटलं, कारिनला भेटायचंय. म्हणाला, झोपलीय, बरं नाही तिला, तुम्ही हॉटेलात आराम करा, दुपारी या.

म्हटलं, "मी थांबतो."

"बाहेर थंडी आहे, रेइनो."

"मला सवय आहे."

त्याने दार लावून घेतलं. मी पायरीवर बसलो. अंगात खात्याचं नारिंगी जाकीट होतं, दुरून दिसतं असं. शेजारचा माणूस बर्फ काढायला बाहेर आला. माझ्याकडे बघत राहिला. मी हात केला. त्याने हात केला, पण आत गेला नाही. मग समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. मी काहीच केलं नाही. नुसता बसलो. ब्रेंटला लोकांनी काय म्हणावं याची फार काळजी असते, एवढं मला ठाऊक होतं. तो एकदा दार उघडून म्हणाला, "हे बरं दिसत नाही." मी म्हटलं, हो, दिसत नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि कारिन आली. अंगात कोट नव्हता. हातात एक पिशवी. चेहऱ्याची डावी बाजू मी इथे लिहीत नाही. ब्रेंट मागे उभा होता. म्हणाला, "चार दिवस जाऊन ये. मग बोलू." शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि तो माझ्याहून डोकंभर उंच आहे.

तिला साइमीच्या नवऱ्याचा कोट घातला. गाडी चालू केली आणि मला आठवलं. "कुत्रं? पेनीला घ्यायचं ना?"

"नाही ते," म्हणाली.

"बाहेर कुठे ठेवलंय का?"

ती खिडकीतून बघत राहिली. मी निघालो.

अ‍ॅशलंड आलं. रस्त्याकडेला खात्याची गाडी उभी होती, तिचा पिवळा दिवा फिरत होता, तेव्हा म्हणाली, "हेवर्डला मी वळले त्या दिवशी. पेनी घरी राहिली होती. त्याने फोन केला." मी पुढे विचारलं नाही. माणूस कुत्र्यासाठी परत जातो हे मला समजतं. माझंही असतं तर मी गेलो असतो.

आज नाताळची संध्याकाळ. साइमीने मासे शिजवले. कारिनला चावता येत नाही, म्हणून तिला तांदळाची खीर दिली. तिने अर्धी वाटी खाल्ली.

२८ डिसेंबर
ऊन. बर्फ डोळ्यांत जातं.

चुलीत लाकूड टाकताना एक ओंडका हातातून सुटला. आवाज झाला. कारिन टेबलाशी होती. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग खाली घेतले आणि म्हणाली, "कॉफी हवी का बाबा?"

मी म्हटलं, हवी.

आता मी ओंडके एकेक करून वाकून ठेवतो. गुडघ्यांना त्रास होतो, पण आवाज होत नाही.

जेवताना तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, वसंतात ब्रेंटला सांगून पेनीला इकडे पाठवून घेऊ, तिला अंगण मिळेल. कारिन ताट तसंच ठेवून उठली. मला वाटलं, त्याचं नाव काढलं म्हणून. साइमीने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरा घास घेतला नाही. मग तिने मला कारिनकडून कळलेलं सांगितलं, पेनीला ब्रेंटने मारून टाकलंय.

मी बाहेर जाऊन रस्ता साफ करत बसलो. तो आधीच साफ होता.

३० डिसेंबर
ढगाळ, हवा जरा सैल.

साइमी कारिनला गावातल्या बायकांच्या मदत केंद्रात घेऊन गेली. मला बाहेर गाडीत बसवलं. परत आली तेव्हा कारिनचे डोळे लाल होते, पण पाठ ताठ होती. कोर्टात अर्ज करायचं ठरलंय. इथल्या डॉक्टरने फोटो काढून ठेवले. त्या इस्पितळातही नोंद आहे. ऑपरेशनवाली ती मैत्रीण कधीच नव्हती.

ब्रेंट रोज फोन करतो, माझ्या फोनवर. सकाळी, मग जेवणाच्या वेळी. आधी माफी. मग तिचं डोकं ठिकाणावर नाही, तुम्ही समजूतदार आहात. मग मी नाही उचलला की लिहून पाठवतो. तीन कामांसाठी घेतलेला फोन आता चौथंच काम करतो. घंटा वाजली की कारिन उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि दार पूर्ण लावत नाही.

मी विचारलं, "का नाही लावत?"

"त्याचा आवाज कसा आहे ते कळतं," म्हणाली. "म्हणजे पुढे काय होणार ते कळतं."

इथे तो नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हो बाबा.

३ जानेवारी
शांत. वारा अजिबात नाही. पारा फार खाली.

काल संध्याकाळी कारिन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाबा, ते ठिपक्याचं मी तुमच्यासाठी म्हणाले नव्हते."

"माहीत आहे आता."

"मला एवढंच हवं होतं, की कोणी तरी बघत असावं. काही केलं नाही तरी चालेल."

मी रोज बघत होतो, कॉफी पिता पिता. तळ्यापाशी बसलेली बघत होतो आणि हवा चांगली असेल असं म्हणत होतो. इस्पितळ बघितलं. वळताना बघितलं. रस्ते मोकळे आहेत का एवढंच बघितलं. हे मी तिला म्हणालो नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि तेवढ्यात फोन वाजला. तिचा हात लगेच निघून गेला.

मी उचलला. म्हटलं, "ब्रेंट, ती येणार नाही. यापुढे कोर्टाशी बोल." तो बोलत होता तोवर ठेवला. मग बाजूचं बटण दाबून धरलं, काच काळी होईपर्यंत. डोरीनने ते शिकवलं नव्हतं, मीच शोधलं.

कारिन म्हणाली, "केंद्रातल्या बाईचा फोन आला तर?"

"ती साइमीला करेल. साइमी चालत येईल."

रात्री ती दार लावून झोपली.

आज दुपारी साइमी आली ती चिडूनच. बुटांवरचं बर्फ झटकत म्हणाली, "कालपासून लावतेय. मी काय समजायचं? मेलात की काय दोघं?"

कारिन चुलीपाशी बसून बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण सोलत राहिली.

"नाही," मी म्हटलं. "घरी आहोत."